दोर पायात हाय

पटवेगाराच्या घरात सून म्हणून आले तेव्हा मला आधी बसायला शिकवलं, सुई धरायला नंतर. डावा पाय दुमडायचा, उजवा सरळ पुढं टाकायचा आणि रेशमी दोराचा फासा उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवायचा. सोनार मणी घडवतो, पण ते गळ्यात घालायचे तर कुणीतरी ओवायला पाहिजेत, मागं गोंडा बांधायला पाहिजे. ते काम आमचं. दोर किती ताणलाय हे हाताला कळत नाही, अंगठ्याला कळतं. ताण कमी पडला तर ठुशी गळ्यावर लोंबते, जास्त झाला तर गळ्याला काचते. नवऱ्यानं मला हे सगळं समोर बसून शिकवलं, आणि शिकवताना चार शिव्याही दिल्या.

तो तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. थोरल्या दिरांनी माझ्या माहेरी, नेसरीला, भावाकडं निरोप धाडायचं ठरवलं होतं. मी पदर सावरून जावेकरवी सांगितलं की काम मला येतंय, मी याच सोप्यात बसून ते करीन आणि माझी भाकरी मी मिळवीन. भावाचं घर मी बघून आले होते. भावजय मनानं वाईट नव्हती, पण तिच्या चुलीपुढं मी मरेपर्यंत पाहुणीच राहणार होते. मला पाहुणी व्हायचं नव्हतं. दीर म्हणाले, बघू जमतंय का. जमलं, चांगलं जमलं.

थोरले दीर स्वतःही पटवेगारच, पण माझं लग्न व्हायच्या आधीच त्यांनी बसणं सोडलं होतं. डोळ्यांनी दगा दिला असं सांगायचे. गुजरीत जाऊन सराफांकडून मणी आणायचे आणि झालेला माल पोचवायचा, एवढं ते करत. डोळ्यांनी दगा दिलेला हा माणूस गल्लीच्या टोकाला कोण उभा आहे आणि त्यानं कुणाचा फेटा बांधलाय ते मात्र घरातून सांगायचा. मला त्याचं नवल वाटायचं, पण सुनेनं थोरल्या दिराला काही विचारायची रीत नव्हती. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोकडं बघतही नाही. माझ्याशी बोलायचं असलं तर ते रस्त्याकडं तोंड करून बोलायचे. मला ते शेवटपर्यंत 'दुल्हन'च म्हणाले, केस पिकले तरी.

घरात बसून काम करणाऱ्याचं काम कुणाला काम वाटत नाही, हे मी पहिल्या महिन्यातच शिकले. जाऊ म्हणायची, "डाळीकडं जरा ध्यान दे, घरातच हाईस की." शेजारीण कडेवरचं पोर माझ्या मांडीवर ठेवून बाजाराला जायची, "तू घरातच हाईस की" म्हणत. बांगडीवाला आला, मला हाक. शेळी परड्यात शिरली, मला हाक. एकदा उठलं की फासा सुटतो, ताण जातो, ओवलेलं परत सारखं करायला लागतं. पुरुष माणूस गुजरीच्या पायरीवर बसून हेच काम करत असता तर त्याला डाळीकडं बघ म्हणायची कुणाची हिंमत झाली असती का? डोकं तापायचं माझं.

एक दिवस जावेनं चुलीपासून हाक मारली आणि मी बसल्या जागेवरून सांगितलं, "भाभी, दोर पायात हाय." तिनं परत हाक मारली. मी परत तेच सांगितलं. डाळ करपली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा हाक, पुन्हा माझं तेच उत्तर. असं करत करत नियमच पडला. अंगठ्यात फासा असेपर्यंत मला हाक मारायची नाही. पुढं पुढं तर जाऊच दारातून लोकांना परत पाठवायची. "तिच्या पायात दोर हाय, मागनं या," असं ती इतक्या तोऱ्यात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, आत न्यायाधीश बसलाय.

आता गंमत बघा. ज्या नियमासाठी मी भांडले तोच माझ्या मुळावर आला. कुणी हाक मारत नाही, म्हणजे मी उठत नाही. सकाळी बसले की दिवा लागेपर्यंत तिथंच. पाण्याचा तांब्या हाताशी, शेंगा-गूळ हाताशी. दाराजवळ उजेड चांगला म्हणून जागाही तीच, इंचभर हलायचं नाही. काम दुप्पट निघायला लागलं. सराफ म्हणाले, अशी ठुशी गुजरीत दुसरं कुणी बांधत नाही. मी फुगले. अंगानंही फुगले, तो भाग वेगळा.

मग उजव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. कमरेपासून एक कळ निघायची ती टाचेपर्यंत जायची. मी तेल चोळलं, विटकरीनं शेकलं आणि परत बसले. काही दिवसांनी मुंग्या थांबल्या. मला वाटलं, बरं झालं. बरं काही झालं नव्हतं. अंगठा झोपला होता. चिमटा काढला तरी त्याला कळत नव्हतं.

कुणाला सांगितलं नाही. हातानं अंदाज घेत ओवत राहिले. पहिली ठुशी परत आली, सैल म्हणून. मी जावेला खोटं कारण सांगितलं आणि भिंतीतल्या खुंटीला दोर बांधून बघितला. खुंटीला काय कळतंय? ती ओढेल तेवढं ओढू देते. दोर तुटला आणि सोन्याचे मणी सारवलेल्या जमिनीवर चौफेर उडाले. जाऊ, मी आणि शेजारीण पोटावर पडून भेगांतनं मणी टिपत होतो आणि दीर रस्त्याकडं तोंड करून उभे होते. सगळे मणी सापडले म्हणून घराची अब्रू राहिली. दीर तसेच उभ्या उभ्या म्हणाले, "दुल्हन, आता एक जरी माल बिघडला तर सराफ काम बंद करणार. मग मला नेसरीला निरोप धाडायला लागंल."

धमकी नव्हती ती. ते खरंच तसं करणार होते, आणि त्यांच्या मते ते माझं भलंच होतं.

मग मी जावेला अंगठ्याचं खरं काय ते सांगितलं आणि तिनं मला गल्लीतल्या तालमीच्या वस्तादाकडं नेलं. आमच्या गावात हाड सरकलं, शीर आखडली तर वैद्याआधी वस्ताद. म्हातारा माणूस, कान मोडलेले. त्यानं पायाला हात न लावता मला अंगणात चार पावलं चालायला सांगितलं आणि बघत राहिला. मग म्हणाला, "बसून बसून शीर आखडलीया. औषध न्हाय ह्याला. रोज सकाळी रंकाळ्यापतुर जावा, बांधावरनं चाला आणि या. चालणं थांबवलासा तर पाय गेलाच म्हणून समजा." जावेनं विचारलं, मालिश? तो म्हणाला, मालिश पैलवानाला, हिला चालणं.

ऐकायला किती सोपं. पण पुरुषांनो, तुम्हाला ठाऊक नाही. आमच्या गल्लीत बाई घराबाहेर पडते ती काहीतरी घेऊन. कमरेवर घागर, डोक्यावर धुण्याचं गाठोडं, हातात पिठाचा डबा. काखेत पोर असलं तरी चालतं. हातात काही असलं की तिला कुणी काही विचारत नाही, कारण दिसतंयच कुठं चाललीय ते. मी पण पहिल्या दिवशी घागर घेऊन निघाले. घरी नळ नव्हता, पण विहीर चांगली होती, आणि मी मुलखाबाहेरचं पाणी आणायला निघाले होते. येताना भरलेली घागर कमरेवर घेतली तर कळ अशी उठली की बांधावरच बसले. दोन-चार दिवस घागर रिकामी नेऊन रिकामी आणली. मग माझं मलाच हसू आलं आणि मागोमाग राग. माझ्या पायाच्या दुखण्यासाठी मी या भांड्याला रोज फिरवून का आणतेय?

दुसऱ्या दिवशी घागर घरी ठेवली. रिकाम्या हातानं निघाले.

"कुठं गं?" कोपऱ्यावरच्या बाईनं विचारलं.

"कुठं न्हाय."

"आणि मग?"

"चालायला."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू माझ्या अंगात ताप आहे. पुढं पिंजाऱ्याच्या घरासमोर तेच, कासाराच्या घरासमोर तेच. मी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं. बांधावर वारा तोंडावर यायचा, म्हशी पाण्यात उतरत असायच्या आणि माझ्या हातांना काही धरायचं नसल्यानं ते कुठं ठेवावेत हेच मला कळायचं नाही. पण सांगते, आयुष्यात तोवर मी एवढी सुखी नव्हते. असे काही दिवस गेले आणि एका सकाळी वाटलं, अंगठ्यात काहीतरी हललं. स्पष्ट नव्हतं, पण होतं. घरी येऊन बसले ती तांब्या मुद्दाम परड्याच्या दारापाशी ठेवून. एक गोंडा झाला की फासा काढायचा, उठायचं, पाणी तिथं जाऊन प्यायचं, कमरेवर हात देऊन मागं वाकायचं आणि मगच दुसरा गोंडा. जाऊ म्हणाली, घरातल्या घरात हज चाललीय का तुझी. म्हटलं, चाललीय म्हण. माल परत चांगला उतरायला लागला.

तेवढ्यात गुजरीत कुणीतरी दिरांना अडवून सांगितलं, "तुमच्या घरची बाई मोकळी फिरती की हो रंकाळ्यावर. काय काम न्हाय, धंदा न्हाय." दीर घरी आले ते लालबुंद. रस्त्याकडं तोंड करून म्हणाले, "उद्यापासनं बाहेर पडायचं न्हाय. चालायचं तर परड्यात चाल."

परडं केवढं? शेळी वळायची तर तिला मागं सरकायला लागायचं. मी जावेकरवी बोलले नाही, थेट बोलले. "भाईजान, वस्तादांनी सांगितलंय."

"वस्ताद तालमीतल्या पोरांस्नी सांगू दे. माझ्या घरात मी सांगणार."

मला राग कसला आला म्हणून सांगू. महाराजांच्या राज्यात आमच्या गावात गल्लीगल्लीत तालीम. पहाटेपासून हे बाप्ये अंगाला तेल लावून जोर काढतायत, बैठका मारतायत, एकाच जागी वरखाली होतायत. कुठं चाललाय म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. त्यांना बदामाची थंडाई, त्यांचं कौतुक, त्यांच्या मांड्यांच्या गोष्टी चावडीवर. आणि एका बाईनं पायात रक्त फिरावं म्हणून चार पावलं टाकली तर घराचं नाक कापलं. मी हे सगळं मोठ्यानं बोलले. जावेनं भाकरी थापायची थांबवली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघाले तर दीर उंबऱ्यात बसलेले. एका चौकटीला पाठ, पाय लांब करून दुसऱ्या चौकटीला टेकवलेले, तोंड रस्त्याकडं. त्यांचे पाय ओलांडून जायचं तर ती फार मोठी बेअदबी. मी परत फिरले.

रोज हेच चालू झालं. पहाटेपासून ते दारात आडवे पाय टाकून बसायचे, गुजरीत जायची वेळ होईपर्यंत. ते गेल्यावर बाहेर पडावं तर कामाचा उजेड वाया जायचा, आणि गुजरीत बातमी पोचायचीच. पायातलं जे काही जागं होऊ लागलं होतं ते परत झोपी गेलं. आणि अशातच कागलच्या एका सरदार घराण्यातल्या लग्नाची ठुशी आली. नवरीची. दीर म्हणाले, ही नीट झाली तर वर्षभर काम, बिघडली तर तू जाणतीस. मी जाणत होते. रात्रभर नेसरीची ती चूल डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी मी कामाला बसले. माझी जागा दारालगत, त्यामुळं त्यांचे पाय माझ्या हाताच्या अंतरावर. मी मणी ओवले, गोंड्याला आले, फासा ताणला आणि मला काही कळेना. ते नेहमीसारखे रस्त्याला ऐकवत होते, की बाईमाणसाची इज्जत घरात असते, की घरी बसून काम मिळतंय हे काय थोडं भाग्य, की त्यांच्या आईनं कधी उंबरा ओलांडला नाही. मी ऐकत होते आणि माझी नजर त्यांच्या उजव्या पायावर गेली. अंगठ्याच्या बाजूला जखम होती, ठेच लागल्याची, चांगली पिकलेली. असल्या जखमेनं माणूस रात्री झोपत नाही. आणि हे तर तोच अंगठा चौकटीला दाबून बसले होते.

मी माझ्या अंगठ्यातला फासा काढला. बोट लागू न देता, नुसत्या दोरानं, तो त्यांच्या अंगठ्यात सरकवला. जखमेच्या वर. ते बोलतच होते. मी ताणला. ते बोलतच होते. मग मी रेशीम घेतलं आणि नवरीच्या ठुशीचा गोंडा त्यांच्या पायावर वळायला सुरुवात केली. हातांना ताण ठाऊक होता, नुसता टेकू हवा होता, आणि खुंटीपेक्षा हे बरं होतं. जाऊ ताक घेऊन बाहेर आली, तिनं बघितलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. दीर आईच्या सद्गुणांवरून आजीच्या सद्गुणांवर आले होते. मी शेवटची गाठ मारली, दातानं धागा तोडला.

"भाईजान, पाय हलवू नका. सोनं हाय त्यात."

"कसला पाय?" म्हणून ते वळले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या बाजूला बघितलं. माझ्याकडं नाही, पायाकडं. अंगठ्यातून लोंबणारा लाल गोंडा, त्याच्या खाली सोन्याचे मणी, आणि रुतलेला दोर. त्यांनी हात पुढं नेऊन अंगठा दाबला. परत दाबला. जाऊ हसायची थांबली. तिला आत्ता कळलं होतं.

"डोळ्यांस्नी काय बी झालं नव्हतं तर," ती म्हणाली.

त्यांनी अंगठ्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "न्हाय. डोळ्यांस्नी काय न्हाय झालं." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. त्यांनी पाय गेला म्हणून काम सोडलं होतं आणि बसून पाय गेला हे सांगायची लाज वाटली म्हणून डोळ्यांवर घातलं होतं. इतकी वर्षं. मला त्यांची दया आली, खरं सांगते. पण दया आली म्हणून मी गप्प बसणारी नव्हते.

"माझा बी असाच करायचा हाय का तुमाला?" मी विचारलं.

त्यांनी हळूच फासा सोडवला आणि पाय जवळ घेतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार मोकळं होतं. ते फेटा बांधून, काठी घेऊन कट्ट्यावर उभे होते. रस्त्याकडं बघून म्हणाले, "मी येतो संगट. म्हणजे लोक बोलणार न्हाईत."

"तुमच्या पायासाठी येत असला तर या," मी म्हटलं. "माझ्यावर पहारा म्हणून येत असला तर घरात बसा. लोक बोलू देत. मी चालणार हाय."

ते खाली उतरले. मी पुढं निघाले, रिकाम्या हातानं. माझ्या चालीनं यायला गेले तर त्यांचा पाय फरफटत होता. गल्ली संपायच्या आत ते मागं पडले, काठीचा आवाज लांब लांब जायला लागला. "दुल्हन, जरा हळू," असं एकदा म्हणाले. मी चाल कमी केली नाही. इतकी वर्षं या माणसाच्या मागं राहून बोलले होते, आता त्यांनी थोडं यावं.

कागलची ठुशी पसंत पडली. काम आलं. आणि आम्ही दोघं रोज पहाटे तसेच जात राहिलो, मी पुढं, ते बरेच मागं. लोक काही दिवस बोलले आणि मग त्यांना दुसरं काही सापडलं. एका सकाळी बांधावर माझा उजवा पाय एका टोकदार खड्यावर पडला आणि अंगठ्यातून कळ निघाली ती थेट डोक्यात. मी मटकन खाली बसले. अंगठा दोन्ही हातांत धरला आणि भर रस्त्यात, म्हशी धुणाऱ्यांच्या देखत, हुंदके देऊन रडले.

दीर धापा टाकत येऊन पोचले. "काय झालं? दुल्हन, काय झालं?"

"दुखतंय," मी म्हटलं. "भाईजान, दुखतंय."

त्यांना समजलं. ते काठीवर भार देऊन खाली बसले, माझ्यापासून अंतर ठेवून, रंकाळ्याकडं तोंड करून. मग त्यांनी तोच खडा उचलला, स्वतःच्या अंगठ्यावर टेकवला आणि दाबला. जोरानं दाबला. मी बघत होते. त्यांच्या तोंडावर काहीच उमटलं नाही.

"मला अजून काय बी कळंना," ते म्हणाले.

मी डोळे पुसले आणि उठले.

"मग उठा की," मी म्हटलं. "चला."